शाळांत कलाकार पाठवायचे आहेत: सरकारी पैसा कुठून, कसा आणि कधी मागायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावची एक नोंदणीकृत नाट्यसंस्था आहे. तिच्याकडे पाच-सहा व्यावसायिक कलाकार आहेत: नट, ढोलकीवाला, शाहीर, चित्रकार. जिल्हा परिषदेच्या चार शाळांत मुलांबरोबर सलग काम करायचं आहे. त्यासाठी सरकारी निधी मिळतो का, अर्ज कुणाकडे करायचा आणि काम कुठे अडतं?

निधी मिळतो, पण एका ठिकाणी मिळत नाही. तो चार-पाच लहान शीर्षांत (म्हणजे खर्चाच्या सरकारी सदरांत) विखुरलेला असतो आणि प्रत्येक शीर्षाची अट वेगळी असते. या सगळ्या शीर्षांचा स्वभाव मात्र सारखाच आहे. रंग, कागद, डफ, माइक यांना पैसे सहज मिळतात. कलाकाराच्या दिवसाला मिळत नाहीत. म्हणून नियोजनाची सुरुवात मानधनापासून करा. मानधन कुठून येणार हे ठरलं की बाकीचं जुळवता येतं. उलट्या क्रमाने गेलात तर शाळेच्या कपाटात वाद्यं येतात आणि ती वाजवायला शिकवणारं कुणी येत नाही.

आधी कायद्याचा आधार पाहू, कारण अधिकाऱ्यासमोर बोलताना तो उपयोगी पडतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत पटसंख्या शंभरच्या वर असेल तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. खेड्यातल्या कितीतरी शाळांचा पट शंभरच्या आतच असतो, त्यामुळे तिथे हा हक्क लागूच होत नाही. तुमचा प्रस्ताव नेमक्या अशा शाळांसाठी मांडा. ‘निदेशक मिळू न शकणाऱ्या, शंभरपेक्षा कमी पटाच्या चार शाळा’ हे वाक्य शिक्षणाधिकाऱ्याला लगेच कळतं. ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ हे त्यांनी हजार प्रस्तावांत वाचलेलं असतं.

आता शाळेच्या स्वतःच्या पैशांकडे येऊ. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळतं. मार्गदर्शिकेतले दर असे: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यावर 1,00,000. यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेसाठी ठेवावा लागतो. वीजबिल, दुरुस्ती, नादुरुस्त साहित्य बदलणं, अध्ययन साहित्य अशा कामांसाठी हे अनुदान आहे. इथून मानधन मागू नका. मुख्याध्यापकांनी भिडेखातर दिलं तरी लेखापरीक्षणात तो आक्षेप त्यांच्या नावावर बसतो आणि पुढच्या वर्षी शाळेचं दार तुमच्यासाठी बंद होतं. इथून साहित्य घ्या: कार्डशीट, पावडर रंग, डफ, खंजिरी, मुखवट्यांसाठी कागदाचा लगदा. 60 पटाच्या शाळेत 25,000 मधून 3,000 ते 4,000 रुपयांचं कलासाहित्य सहज बसतं.

दुसरं शीर्ष म्हणजे युवा व इको क्लब. प्राथमिक शाळेला 5,000 पर्यंत, उच्च प्राथमिकला 15,000 पर्यंत आणि माध्यमिकला 25,000 पर्यंत. बऱ्याच शाळा हे पैसे कुंड्या आणि रोपांवर संपवतात. पण नावात ‘युवा’ आहे. संगीत, कला, वाचन, वादविवाद यांसारखे उपक्रम याच क्लबच्या कामात मोडतात. उपक्रमाचा खर्च मागायला हे शीर्ष संयुक्त अनुदानापेक्षा मोकळं आहे. तरीही शाळेच्या खात्यावर आलेल्या मंजुरीपत्रातलं खर्चाचं वाक्य स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

शाळेतून काहीही मागायचं तर ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आणि शाळा विकास आराखड्यात हवं. कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांना आधी भेटा, एक तास मुलांबरोबर काम करून दाखवा आणि मग ठराव मागा. ठरावाचा मसुदा तुम्हीच करून न्या, कारण ढोबळ ठरावाचा पुढे उपयोग होत नाही. ‘नाट्यशिबिरास मान्यता’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘इयत्ता 5 वी ते 7 वीच्या 35 विद्यार्थ्यांसाठी, जुलै ते ऑक्टोबर या कालावधीत, आठवड्यातून एकदा 70 मिनिटांचे एक याप्रमाणे 12 नाट्य-संगीत सत्रे घेण्यास, त्यासाठी लागणारे रुपये 4,000 पर्यंतचे साहित्य संयुक्त शाळा अनुदानातून खरेदी करण्यास व कलाकारांच्या मानधनाची मागणी जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्याकडे करण्यास ही सभा मान्यता देते.’ मुलं किती, सत्रं किती, मिनिटं किती, कोणता पैसा कशाला, हे सगळं एका वाक्यात आलं पाहिजे. पुढच्या प्रत्येक टेबलावर हाच ठराव जोडावा लागतो.

ग्रामपंचायतीचं दार लोक विसरतात, आणि मला ते सर्वांत भरवशाचं वाटतं. स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. गावाचं उत्पन्न बरं असेल तर इथून 10,000 ते 20,000 रुपयांचा उपक्रम उभा राहू शकतो. वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला भागही आहे, पण तो वेतन आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही. म्हणून मागणीत ‘कलाशिक्षकाचा पगार’ असे शब्द चुकूनही येऊ देऊ नका. मुदतीचा, ठरलेल्या सत्रांचा ‘उपक्रम’ म्हणून मांडा. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून चालते. त्यामुळे 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायचा आणि 2 ऑक्टोबरच्या सभेत तो आराखड्यात लिहून घ्यायचा. डिसेंबरनंतर गेलात तर उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या वर्षी या.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांना आणखी एक वाट आहे. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामसभा कोषात येतो आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाचा मान्य विषय आहे. पालघरमध्ये तारपा वाजवणारा किंवा वारली चित्र काढणारा गावातलाच माणूस शाळेत शिकवायला उभा करायचा असेल तर त्याला पैसे देण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. निर्णय ग्रामसभेचा असतो आणि कलाकाराला सगळे ओळखतात. आदिवासी आश्रमशाळेत काम करायचं असेल तर मात्र लक्षात ठेवा की ती जिल्हा परिषदेकडे नाही. ती आदिवासी विकास विभागाची आहे, परवानगी प्रकल्प अधिकाऱ्याची लागते. शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र घेऊन तिथे गेलात तर फाटकावरूनच परतावं लागेल.

जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ज्याला सगळे सेस म्हणतात, मानधनासाठी खरा उपयोगी आहे. त्याचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होतं. म्हणून शिक्षण विभागाच्या मागणीत तुमचा उपक्रम डिसेंबर-जानेवारीत शिरला पाहिजे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनेखालीही प्रस्ताव देता येतो. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस आणि जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता लागते. चार शाळांच्या कामासाठी हा रस्ता मी सुचवणार नाही. कागद तेवढेच लागतात आणि वेळ दुप्पट जातो. वीस शाळांचं काम असेल तेव्हा तिकडे वळा.

समग्र शिक्षेची जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजनाही डिसेंबर-जानेवारीतच तयार होते आणि दिल्लीच्या प्रकल्प मंजुरी मंडळाकडे जाते. त्यातला कलेसाठीचा ठळक भाग म्हणजे 2015 पासून चालू असलेला कला उत्सव. तो स्पर्धा आहे. पैसा मुख्यतः प्रवास, वेशभूषा आणि आयोजनात जातो. वर्गात आठवड्याला शिकवणाऱ्या कलाकाराला त्यातून काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडे कला संस्कृती विकास योजनेत सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान आहे. प्रकल्प खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत आणि साधारणपणे कमाल 5 लाख रुपये मिळतात. इथे शाळा अर्जदार होऊ शकत नाही. संस्थेनेच अर्ज करायचा. नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, किमान तीन वर्षांचं काम, लेखापरीक्षित ताळेबंद आणि आपल्या 25 टक्क्यांचा हिशेब हवा. रक्कम दोन हप्त्यांत येते आणि दुसरा हप्ता काम संपल्यावर हिशेब पाहून मिळतो. म्हणजे तेवढे पैसे काही महिने संस्थेनेच घालायचे. ज्या संस्थेच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही तिने या वाटेला जाऊ नये, कारण अखेर कर्ज कलाकारांच्या अंगावर येतं.

क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांचा उपयोग वेगळा आहे. महाराष्ट्राला नागपूरचं दक्षिण मध्य आणि उदयपूरचं पश्चिम अशी दोन केंद्रं लागतात. त्यांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला महिना 7,500, साथीदाराला 3,750 आणि शिष्याला 1,500 रुपये दिले जातात. ही शाळेची योजना नाही. पण एखादी लोककला गावात टिकवायची असेल तर शाळेतल्या 12 सत्रांतून ज्या दोन-तीन मुलांचा हात खरंच बसतो, त्यांना पुढे न्यायला ती आहे. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र 10 ते 14 वर्षांच्या मुलांना सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती देतं, तिचाही अर्ज शिक्षकांकडून भरून घ्या.

या सगळ्यात कमी बोललं जातं ते दिनदर्शिकेबद्दल, आणि खरी अडचण तिथेच आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. दशावतारी मंडळी कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत रोज रात्री उभी असतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावजत्रेपासून) नाटकांची रांग लागते. म्हणजे लोककलावंत शाळेत यायला मोकळा असतो तो जून ते सप्टेंबर, आणि नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या घरात पैसा नसतो. शाळेलाही तोच काळ सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा, फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, पुढे मूल्यमापन. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर दिवाळीनंतर निम्मी मुलंच गावात नसतात. सरकारी पैसा मात्र वर्षाच्या उत्तरार्धात हलतो आणि मार्चमध्ये धावत येतो. मार्चमध्ये आलेल्या पैशातून घाईने काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं आहे: एक मंडप, एक ध्वनिक्षेपक, तीनशे मुलांसमोर एक कार्यक्रम आणि फोटो.

यावर उपाय एकच. पावसाळ्यातलं काम अशा पैशावर बांधा जो एप्रिल-मेमध्येच हातात आहे किंवा ज्याची मंजुरी आधीच्या वर्षात झाली आहे. ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न आणि जिल्हा परिषदेचा सेस या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. समग्र शिक्षेचा आणि केंद्राचा पैसा शिक्षक-प्रशिक्षण, साहित्य, पुढच्या वर्षाची तयारी अशा थोडं थांबू शकणाऱ्या कामांना लावा. कोकणात जुलैचे पहिले दोन-तीन आठवडे भातलावणीचे असतात, मुलं आणि कलाकार दोघंही शेतात असतात. तिथे सुरुवात ऑगस्टपासून करा.

आता आकडे. उदाहरण म्हणून एकाच केंद्रातल्या (शाळांच्या एकाच समूहातल्या) जवळजवळच्या चार शाळा घेऊ. प्रत्येकीत 35 मुलांचा एक गट, 12 आठवडे, आठवड्याला एक सत्र. दोन कलाकारांची जोडी एका दिवसात सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन शाळा करते. म्हणजे आठवड्याला दोन दिवस, एकूण 24 दिवस. दोन कलाकारांचे 48 दिवस होतात. दिवसाला 1,500 धरले तर 72,000 रुपये. तयारी आणि मधल्या आढाव्याचे 6 कलाकार-दिवस, 9,000. प्रवास 24 दिवस, 600 प्रमाणे 14,400. साहित्य चार शाळांचं 16,000. दहा शिक्षकांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा चहा-जेवणखर्च 3,000. नोंदी आणि हिशेबतपासणी 4,000. एकूण 1,18,400. सत्रं 48, म्हणजे एका सत्राला साधारण 2,467 रुपये. 140 मुलांना वाटलं तर एका मुलामागे 12 सत्रांचे मिळून 846 रुपये. मानधनाचा वाटा 68 टक्के आहे आणि तो तसाच हवा. तो 50 च्या खाली गेला की समजावं, उपक्रम खरेदीचा झाला.

तयारीचे 6 दिवस कुणीतरी काटायला सांगेलच. काटू नका. जोडीतला शाहीर आणि नट यांनी एकत्र बसून सत्रांचा क्रम लावला नाही तर प्रत्येक आठवड्याला तोच खेळ आणि तेच गाणं होतं.

वाटणी अशी करता येईल: साहित्याचे 16,000 शाळांच्या अनुदानातून, प्रवास आणि कार्यशाळेचे 17,400 ग्रामपंचायतींकडून, मानधनाचे 81,000 सेसमधून आणि तपासणीचे 4,000 संस्थेचे. एक बाब एकाच निधीवर टाका. एकच प्रवासबिल दोन ठिकाणी लागलं तर रक्कम कितीही लहान असो, त्याला अपहार म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

मानधनाच्या कागदांत तीन अडचणी हमखास येतात. पहिली दरपत्रकांची. लेखाशाखा सवयीने तीन दरपत्रकं मागते. शाहिराची तीन दरपत्रकं मागून स्वस्तातला शाहीर निवडणं हा प्रकार टाळायचा तर मंजुरीतच ‘निश्चित दराचे मानधन’ असा उल्लेख आणि दर लिहून घ्या. म्हणजे ही खरेदी न राहता मान्य दराने दिलेली सेवा होते. दुसरी अडचण कराची. व्यावसायिक शुल्क म्हणून लेखाशाखा 10 टक्के उद्गम कर (टीडीएस) कापते. वर्षभरात एकाला 50,000 रुपयांपर्यंतच दिले तर तो कापायचा नसतो; ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची आहे. पॅन नसेल तर 20 टक्के कापले जातात. लोककलावंतांची पॅन आणि बँक खाती काम सुरू होण्याआधी तपासा. नावात ‘राव’ किंवा ‘बुवा’ एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं आणि त्यापायी पैसे दोन महिने अडकतात. पैसे फडमालकाच्या (तमाशाच्या संचाच्या मालकाच्या) खात्यात एकत्र टाकू नका, प्रत्येकाच्या खात्यात टाका. तिसरी अडचण वस्तू व सेवा कराची. कलेचं प्रशिक्षण व्यक्तीने दिलं तर ते करमुक्त आहे, आणि लोककला किंवा शास्त्रीय कलेचा प्रयोग प्रत्येकी 1.5 लाखांपर्यंत मुक्त आहे. कर-नोंदणी असलेल्या संस्थेने प्रशिक्षणाचं बिल लावलं तर मात्र कराचा प्रश्न येतो. म्हणून शक्य असेल तिथे बिल कलाकाराच्या नावाने द्या.

शाळेत पाऊल टाकण्याआधी प्रत्येक कलाकाराची पोलीस चारित्र्य पडताळणी हवी, आणि ती साथीदार, चालक, मदतनीस सगळ्यांची. सत्र चालू असताना शाळेचा एक शिक्षक खोलीत असलाच पाहिजे. हे करारात लिहा, कारण मुलांच्या सुरक्षिततेइतकंच ते शिकण्यासाठीही लागतं. कलाकार आले की शिक्षक ऑनलाइन माहिती भरायला कार्यालयात जातात. मग बाराव्या सत्रानंतर कलाकार गेले की वर्गात काहीच उरत नाही. शिक्षक बसले असतील तर त्यांनी टिपलेला एक तालखेळ पाढ्यांना लागतो, एक संवाद मराठीच्या धड्याला लागतो.

70 मिनिटांची विभागणी साधारण अशी ठेवा: 10 मिनिटं गोलात शरीर आणि आवाज मोकळा करणं, 15 मिनिटं तालाचा किंवा हालचालीचा एकच खेळ, 30 मिनिटं पाच-सहा मुलांच्या गटात काहीतरी रचणं, 10 मिनिटं एकमेकांना दाखवणं, 5 मिनिटं आवराआवर. बाकं आधी भिंतीला लावून ठेवायला सांगा, नाहीतर पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. 35 च्या वर मुलं घेऊ नका. मुख्याध्यापक आपुलकीने सगळी शाळा बसवतील. तेव्हा बारा मुलं नाचतात आणि बाकीची बघत बसतात. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात त्यांची भाषा जाणणारा कलाकार द्या. तो मिळत नसेल तर पहिली चार सत्रं बिनशब्दांची ठेवा.

आणि करारात एक ओळ ठळक लिहा: ‘स्नेहसंमेलनातील नृत्ये बसवून देणे या उपक्रमात समाविष्ट नाही.’ पाचव्या-सहाव्या आठवड्यात ही मागणी येतेच. ती मान्य केली की उरलेली सगळी सत्रं सिनेमाच्या दोन गाण्यांत जातात आणि नाच येणारीच मुलं पुढे उभी राहतात. त्याऐवजी शेवटच्या सत्राला पालकांना बोलवा आणि मुलांनी रचलेलं आहे तसं दाखवा.

हिशेबासाठी दर सत्राची एक पानाची नोंद पुरते: तारीख, वेळ, हजर मुलं, काय केलं, कलाकाराची आणि शिक्षकाची सही. शेवटी सगळं आठवून लिहायला बसलात तर सह्या मिळत नाहीत. केंद्राच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र 12-अ नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीने द्यावं लागतं, आणि अनुदानाच्या खात्यावर मिळालेलं व्याज परत भरावं लागतं. म्हणून त्या पैशाला स्वतंत्र खातं ठेवा. ग्रामपंचायतीला ठराव, बिल, सत्रनोंदी आणि चार फोटो पुरतात. तो हिशेब 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि 2 ऑक्टोबरला आराखड्यात लिहिलेली पुढच्या पावसाळ्याची मागणी त्याच सभेत पक्की करून घ्या.